देवीचा डावा कौल

पुण्यात मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे. नोकरीची सगळी वर्षं तोच विषय, आणि त्यातही युरोपातले राजे आणि राण्या माझ्याच वाट्याला आलेल्या. मुलींना तो भाग आवडायचा. एका राजाला पहिली बायको सोडून दुसरी करायची होती, रोमचा धर्मगुरू परवानगी देईना, तर या गृहस्थानं धर्मगुरूलाच सोडलं आणि स्वतः देशाच्या धर्माचा मालक होऊन बसला, असं सांगितलं की वर्गात खसखस पिकायची. दुसऱ्या एकानं मिऱ्यांसाठी जहाजं पाठवली, त्यांत तोफांच्या जोडीला पाद्रीही भरले. एकदा मागच्या बाकावरची एक पोर उठली आणि म्हणाली, "बाई, राजानं देव बदलला की रयतेनंही बदलायचा, हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, "राजानंच." पोरी हसल्या. मी फळ्याकडे वळले आणि उगाच सनावळी लिहीत बसले, कारण मला आमचं गाव आठवलं होतं आणि पोरींसमोर डोळे पुसायची मला सवय नव्हती. आमचं गाव मुळशीत होतं. होतं म्हणते, कारण आता तिथं धरणाचं पाणी आहे.

त्या धरणाविरुद्ध पुण्याची माणसं येऊन बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. ते सगळं छापून आलेलं आहे, ज्याला हवं त्यानं ते वाचावं. मी सांगते ती गोष्ट आमच्या घराची आहे, आणि घराची म्हणजे माझ्या बापाची. तो गावचा गुरव. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, देवराईला लागून. कुडाच्या भिंती, वर गवताचं शाकार, पुढं पडवी आणि पडवीत उखळ. पहाटे मला जाग यायची ती आयच्या मुसळाच्या आवाजानं, आणि त्यामागोमाग राईत धनेश पक्षी उडाले की त्यांच्या पंखांचा घर्रघर्र आवाज व्हायचा. आमच्या खाचरांत आंबेमोहोर पिकायचा. तो शिजला की वास पार पाणवठ्यापर्यंत जायचा. पण तो तांदूळ आमच्या पोटात कमीच, देवीच्या नैवेद्यापुरता आणि सणाला. बाकी दिवस नाचणीची भाकरी, पावसाळ्यात कुर्डूची भाजी, आणि ओढ्याचे खेकडे मिळाले तर त्यांचं कालवण. आता माझी नात पुण्याजवळ भुकूमला, आमच्या घरात, कसलासा तांदूळ आणते, पिशवीवर आंबेमोहोर लिहिलेलं असतं. मी वास घेऊन बघते. खाते.

आय ताम्हिणीची, घाटमाथ्यावरची, तोंडानं फटकळ. बा सगळा तिच्या उलट. त्याचा आवाज असा की पलीकडच्या खोलीत माणूस असला तरी ऐकू येऊ नये. देवीपुढं उभा राहिला की तेवढा तो मोठ्यानं बोलायचा. देवराईत पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, हा गावाचा नियम, त्यामुळं दाराशी वाळक्या लाकडांचे ढीग पडलेले असताना आय सरपणासाठी डोंगर चढून जायची. परत आली की मोळी अंगणात आपटून म्हणायची, "तुमच्या देवीला म्हनावं, कवातरी एक फांदी माझ्याबी चुलीला दे." बा हसायचा. म्हणायचा, "माग की. न्हाई कुटं म्हनलीय ती?" पण आयनं कधी मागितली नाही, आणि काटकी तर कधीच आणली नाही. बोलायची तेवढीच.

देवी म्हणजे एक काळा दगड, गुडघ्याएवढा, शेंदरानं माखलेला. तिला छप्पर चालत नसे. उघड्यावर चौथरा, वर जांभळीहिरड्यांची दाटी आणि गारंबीचे जाड वेल लोंबलेले. ही देवी मूळची आमच्या गावची नव्हे, असं बा सांगायचा. ती खाली कोकणातली. तिथं फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगिजांचं, राज्य होतं आणि फिरंग्यांच्या राजाला त्याच्या मुलखात दुसऱ्या कुणाचा देव नको होता. त्याची माणसं गावोगाव देवळं पाडत आली तेव्हा आमच्या मूळपुरुषानं देवीला कौल लावला, उठतेस का. ती हो म्हणाली. मग त्यानं तिला पाटीत ठेवलं, वरून भात ओतला आणि ती पाटी डोक्यावर घेऊन बाजारकऱ्यासारखा घाट चढून आला. या राईत पाटी उतरवली तेव्हा देवी म्हणाली, आता बस, आता मी पुन्हा उठायची नाही. बा ही गोष्ट सांगायचा तेव्हा वाटायचं की पाटी त्यानंच आत्ता उतरवलीय. तो मान चोळायचा सांगताना.

त्या गोष्टीला जोडून दुसरी गोष्ट यायची, राणीची. बंड मोडल्यावर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, तेव्हा पौडाच्या बाजारात दवंडी पिटली गेली. राणीसरकार कुणाच्या देवाधर्मात हात घालणार नाही. बाच्या आज्ज्यानं ती दवंडी आपल्या कानांनी ऐकली आणि तो धावत गावात आला. एका राजामुळं देवीला परागंदा व्हावं लागलं आणि एका राणीनं तिला अभय दिलं, हे त्याला फार मोठं वाटलं. तेव्हापासून जत्रेला मानाचे नारळ फुटत त्यात एक राणीच्या नावाचा असे. पहिला देवीचा, दुसरा पाटलाचा, आणि तिसरा राणीचा. राणी मेली, तिचा पोरगा बसला, त्याचा पोरगा बसला, तरी आमच्याकडे तो राणीचाच नारळ राहिला. बा तो फोडताना पश्चिमेकडे तोंड करायचा, कारण विलायत तिकडं आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या नारळाचं खोबरं आम्हां पोरांना मिळायचं. मी राणीला कधी वाईट म्हटलं नाही, तिचं खोबरं खाल्लेलं आहे.

धरणाचं काम सुरू झालं तेव्हा दुपारी सुरुंगांचे आवाज येऊ लागले. फडताळावरची भांडी थरथरायची, आय धावत जाऊन दोन्ही हातांनी फळी धरून उभी राहायची. गावात रोज बैठका. कुणी म्हणे पैसे घ्यावेत, कुणी म्हणे मरावं पण हलू नये. बा त्या बैठकांना जायचा, कोपऱ्यात बसायचा आणि शेवटी हळूच म्हणायचा, "देवी हाय तंवर पानी येत न्हाई. राणीनं शबुद दिलाय." सुरुवातीला लोक हसले. पण जमिनींच्या नोटिसा येऊ लागल्या, पुण्याच्या माणसांना पकडून नेलं, आणि एकेक आधार सुटत गेला, तसे लोक बाच्या त्या वाक्याला धरून बसू लागले. पाटील स्वतः संध्याकाळी आमच्या पडवीत यायचे. "गुरवा, पुन्हा सांग बरं, काय म्हनली व्हती राणी?" आणि बा पुन्हा सगळं सांगायचा.

मग एक दिवस रावसाहेब आले. ते सरकारी अंमलदार, पुण्याचे ब्राह्मण, डोक्याला पगडी, पायांत जोडा. जोडा त्यांनी राईच्या बाहेर काढला, हे सगळ्यांनी पाहिलं. अनवाणी चालत आले, काटे बोचत होते तरी तोंड वाकडं केलं नाही. देवीपुढं नारळ ठेवला, साष्टांग नमस्कार घातला. गाव गोळा झालं होतं. मी आयच्या लुगड्याला धरून उभी होते, कडेवर तिच्या माझा धाकटा भाऊ.

रावसाहेब बाला म्हणाले, "गुरव, मला वरून हुकूम आहे. कोणत्याही देवाला त्याच्या पुजाऱ्याच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही. तुम्ही म्हणाल तर देवीला पालखीतून वर नेऊ, नवं देऊळ बांधून देऊ, सगळा खर्च धरणाच्या पैशातून होईल. तुमची परवानगी पाहिजे."

बा म्हणाला, "परवानगी माजी कशाची, सायेब? तिला इचारावं लागंल."

"मग विचारा. आम्ही तेच म्हणतो. ती एकदा कोकणातून आली म्हणतात, तशी आणखी एकदा निघेल."

"तवा ती सोताहून निघाली व्हती."

"आताही तिच्याच मर्जीनं होऊ दे. ती नाही म्हणाली तर आमचा माणूस तिला बोटसुद्धा लावणार नाही. हा सरकारचा शब्द."

हे ऐकल्यावर गर्दीतून हुंकार आला. पाटलांनी बाच्या तोंडाकडे पाहिलं. राणीचा शब्द खरा निघाला होता, सरकारी माणूस स्वतः तोंडानं बोलला होता.

कौल कसा लावतात ते आताच्या लोकांना सांगायला हवं. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला चिकटवायच्या. पाणी सुकत जातं तशी एक पाकळी आधी सुटते. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पावसाळ्यात कौल लावत नाहीत, ओल्या दगडावर पाकळी पडतच नाही. आणि एका गोष्टीसाठी एकदाच विचारायचं. देवीनं सांगितल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तिला खोटं पाडणं. कौल लावताना बा तोंडाला पंचा बांधायचा, आपला श्वाससुद्धा पाकळीला लागू नये म्हणून. गावात त्याला भोळा म्हणत, बावळट म्हणत, पण गुरवानं पाकळी हलवली असं त्याचा वैरीसुद्धा म्हणाला नसता.

त्या दिवशीही त्यानं पंचा बांधला. पाकळ्या लावल्या आणि मागं सरकून हात जोडून उभा राहिला. त्याच्या मनात काय चाललंय ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्याला डावी पाकळी पडायला हवी होती. मला वाटतं त्यानं आयुष्यात देवीकडे स्वतःसाठी मागितलेली तेवढी एकच गोष्ट. जोडलेले हात त्यानं पोटाशी दाबून धरले होते. कुणी खोकलंसुद्धा नाही. रावसाहेबही खरोखर पाहत होते, त्यांचाही जीव त्या पाकळीत अडकलेला दिसत होता. बराच वेळ गेला. मग डावी पाकळी कडेनं वळली, सुटली आणि चौथऱ्यावर पडली.

एकच गलका झाला. पाटलांनी बाला मिठी मारली, बाया रडू लागल्या, कुणी संबळ आणली. रावसाहेबांनी देवीला पुन्हा हात जोडले. "देवीची इच्छा," ते म्हणाले. "आम्ही तिला हात लावणार नाही." आणि जसे अनवाणी आले तसे परत गेले. त्या दिवशी राईत गोड भात झाला, गावानं घरटी आंबेमोहोर दिला. बा नुसता हसत बसला होता. लोक येऊन त्याच्या पायाला हात लावत होते आणि तो पाय पोटात ओढून घेत होता. इतका सुखी मी त्याला आधी पाहिला नव्हता, पुढंही नाही.

संध्याकाळी घरी आय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं आणि विचारलं, "अवं, त्यो सायेब काय म्हनला? देवीला हात लावनार न्हाई, म्हनला न्हवं?"

"व्हय."

"पानी आननार न्हाई, असं म्हनला का?"

बा म्हणाला, "येडी का काय तू? देवी हितनं उठनार न्हाई म्हनल्यावर पानी ठेवतील कुटं?"

आयनं भाकरी तव्यावर टाकली. 

त्या रावसाहेबांचा मी पुष्कळ वर्षं राग राग केला. शाळेत शिकवताना कुठल्याही वजिराचं, सरदाराचं चित्र आलं की मला त्यांची पगडी दिसायची. लबाड माणूस, असं मी मनात म्हणायचे. आता म्हातारपणी तसं म्हणवत नाही. त्यानं काही फसवलं नाही. त्याला जो हुकूम होता तो त्यानं अक्षरशः पाळला, आणि बहुधा घरी जाऊन सुखानं जेवला. फिरंग्यांच्या राजानं देव फोडले, त्यामुळं लोक बिथरले, पळाले, आपापले देव डोक्यावर घेऊन दुसऱ्या मुलखात गेले. राणीच्या माणसांनी त्यातून धडा घेतला. देवाला हात लावायचा नाही, मग देवाच्या भोवतीचं रान, खाचरं, घरं, नदी, सगळं बिनबोभाट घेता येतं. हे मी वर्गात कधी शिकवलं नाही. पुस्तकात राणीच्या त्या वचनाला उदार म्हटलं होतं आणि मीही मुलींकडून तसंच पाठ करून घेत होते. परीक्षेला तोच प्रश्न यायचा.

धरणाची भिंत पुरी झाली आणि दारं बंद केली. आषाढात पाणी मागं मागं येऊ लागलं. आधी नदीकाठची खाचरं गेली, मग पाणवठा. पाणी धावून येत नव्हतं, मांडी घालून बसल्या बसल्या सरकावं तसं रात्रीतून थोडं पुढं आलेलं दिसायचं. लोकांनी घरांची दारं, वासे, कौलं काढून नेली. ज्याला जिकडं सोयरा होता तिकडं तो गेला. निघण्याआधी पाटील आमच्याकडे आले. आधी चिडून बोलले, मग रडले. "गुरवा, पुन्यांदा इचार तिला. आता उठती का म्हनावं. आमी चौघं उचलतो, डोक्यावर घेऊन जातो. सरकार नगं, पालखी नगं."

बा म्हणाला, "पाटीलबाबा, ती न्हाई म्हनलीय. गावादेखत म्हनलीय. आता मी तिला कुटल्या तोंडानं इचारू?"

"आरं, बुडंल ती."

"माज्यामुळंच," बा म्हणाला. "तिनं उठावं अशी माजी इच्छाच न्हवती. तिनं माजं आयकलं."

हे तो इतक्या हळू म्हणाला की पाटलांना नीट ऐकू आलं नसावं. मला आलं. मी त्याच्या पाठीशीच बसले होते.

आम्ही डोंगरावर धनगरवाड्यात गेलो. धनगरांनी शेळ्यांचा एक वाडा झाडून आम्हांला दिला. बा आमचं बोचकं तिथं ठेवून खाली परतला आणि राईतच राहू लागला. रोज सकाळी पूजा, दोन्ही वेळा दिवा आणि नैवेद्य, आणि बाकी वेळ चौथऱ्यावर इरलं पांघरून बसणं. पहिले काही दिवस आय भाकरी घेऊन जायची. परत आली की धनगरीण विचारायची, पानी कुटवर आलं? आय हातानं पायाची उंची दाखवायची. एके दिवशी तिनं गुडघा दाखवला. त्या दुपारी ती भाकरी न घेताच निघाली. धाकट्याला धनगरणीकडे दिलं आणि माझा हात धरला.

राईत पाणी शिरलं होतं. झाडं पाण्यात उभी होती आणि वाळका पाचोळा, फळं, मुंग्यांचे लोंढे तरंगत होते. ज्या काटक्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावला नव्हता त्या आमच्या पायांशी येऊन घासत होत्या. चौथरा तेवढा वर होता. बा बसला होता, इरल्याखाली, देवीच्या शेजारी, जसं कुणी आजारी माणसाजवळ बसतं. पाऊस पडत होता. आयनं मला चौथऱ्याच्या अलीकडे, पाण्यातच उभी केली. पाणी माझ्या मांडीला लागत होतं.

"हितंच उबी ऱ्हा," ती म्हणाली. "हलायचं न्हाई."

बा ओरडला. माझ्या आठवणीत तो माणसांवर ओरडल्याचं तेवढंच. "पोरीला कशाला आनलंस? वर घे तिला."

"न्हाई घेत. तुमी देवीपाई बसलाय, तिनं बापापाई उबं ऱ्हावं."

"अगं पानी चढतंय."

"मला दिसतंय."

"मी कसा येऊ?" बा म्हणाला. "ती न्हाई म्हनलीय. तिला हितं सोडून मी कसा येऊ, सांग की."

आय म्हणाली, "ती उठती का, ह्ये तुमी तिला इचारलंत. ती न्हाई म्हनली. माजा नवरा सोडतीस का, ह्ये तिला कुनी इचारलंय? ती गोष्टच येगळी हाय."

आणि ती चौथऱ्यावर चढली. बाया चौथऱ्यावर चढत नसत. बा उठून उभा राहिला, पण त्यानं तिला अडवलं नाही. देवीच्या पायाशी सकाळची तगरीची फुलं होती. आयनं त्यांतल्या दोन पाकळ्या तोडल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या. पंचा नाही, काही नाही. तोंडावरून पाणी वाहत होतं तशीच मोठ्यानं म्हणाली, "आये, ह्या मानसाला सोड. सोडत असलीस तर उजवी दे. तीन जीव हायेत त्याच्यामागं."

पाकळ्या चिकटून राहिल्या. दगड पावसानं निथळत होता, त्या पडणार कशा? आयलाही हे माहीत होतं, बाला तर होतंच. तरी तो खाली वाकून बघू लागला. सवयीनं त्यानं तोंडापुढं हात धरला, श्वास लागू नये म्हणून. मी पाण्यात रडत उभी होते. मला भीती वाटत होती ती पाण्याची नव्हे, पाणी वाढतंय की नाही तेही मला कळत नव्हतं. मला भीती होती की डावी पडेल. बा एकदा पाकळीकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, पुन्हा पाकळीकडे. देवी काहीच बोलत नव्हती.

मग आयनं हात पुढं केला, उजव्या खांद्यावरची पाकळी एका बोटानं काढली आणि बाच्या डोळ्यांपुढं धरली.

"ही पडली," ती म्हणाली.

बानं पाकळीकडे पाहिलं. मग आयच्या तोंडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. ज्या माणसानं आपला श्वास कधी पाकळीला लागू दिला नाही, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत ती काढलेली होती. त्यानं हात पसरला. आयनं पाकळी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्यानं ती कपाळाला लावली, देवीपुढं डोकं टेकलं, आणि चौथऱ्यावरून पाण्यात उतरून मला खांद्यावर घेतलं. वाटेनं आयनं त्याचं मनगट धरलं होतं. आमच्याकडे बायको नवऱ्याला असं धरत नसे. वर धनगरवाडा लागेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

आयनं चूल पेटवली. ओली लाकडं, सगळ्या वाड्यात धूर भरला. नाचणीच्या भाकरी झाल्या, पहिली तिनं बाच्या हातावर ठेवली. त्यानं ती धरून ठेवली. आमच्या घरात देवीला नैवेद्य गेल्याशिवाय गुरव अन्नाला शिवत नसे. बाचा बाप शिवला नव्हता, बा आजारी असतानाही शिवला नव्हता. पूजा सकाळी झाली होती, पण संध्याकाळचा नैवेद्य राहिला होता आणि आता तो कुठं दाखवायचा? तो भाकरी घेऊन नुसता बसला. वाफ निघून गेली.

"तिला आज कायच न्हाई गं," तो म्हणाला.

आय म्हणाली, "खावा."

त्यानं एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग दुसरा. तो रडत होता आणि खात होता, आणि भराभर खात होता, कारण तो सकाळपासून उपाशी होता. भाकरी संपली. त्यानं मान वर न करता विचारलं, "आनकी हाय का?"

आयनं स्वतःची भाकरी त्याच्या हातावर ठेवली. मग तिनं मला उठवलं, बाहेर नेलं आणि दाराकडे पाठ करून आम्ही दोघी पावसात उभ्या राहिलो, त्याला खाताना कुणी बघू नये म्हणून.